धर्म मिळाला, पण भेट राहिली होती : पंडिता रमाबाईंची आठ वर्षं



पंडिता रमाबाईंच्या चरित्रातल्या दोन सनावळ्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ही बाई नीट कळत नाही, असं मला वाटतं. पहिली १८८३ ची. त्या वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांनी आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ही तारीख सगळ्या पुस्तकांत सापडते. त्यावरून पुण्यात किती गदारोळ झाला, तेही सापडतं. दुसरी सनावळी १८९१ च्या सुमाराची. तिचा उल्लेख आपल्याकडच्या लेखांत क्वचितच दिसतो. रमाबाईंच्या स्वतःच्या हिशेबात मात्र मोठी घटना हीच. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं : धर्म तर हाती आला होता, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, त्याची गाठ पडायची राहूनच गेली होती.

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत असे. पाठ्यपुस्तकात रमाबाईंवर चार-सहा ओळी असायच्या : शारदा सदन, मुक्ती सदन, स्त्रीशिक्षण. मुलं हमखास विचारायची, "बाई, त्यांनी धर्म का बदलला?" मी मुलांनाच उलट विचारायची, तुम्हाला काय वाटतं? उत्तरं ठरलेली असत. कुणी म्हणे, विधवेला आपल्या समाजात जागा नव्हती म्हणून. कुणी म्हणे, मिशनऱ्यांनी शिक्षणाचा खर्च केला म्हणून. दोन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण ही उत्तरं फार तर १८८३ पर्यंत पुरतात. बाप्तिस्मा झाला होता, इंग्लंड-अमेरिका पाहून झाली होती, नाव झालं होतं, संस्था उभी होती. मग आठ वर्षांनी ह्या बाईला आणखी कसली उणीव भासली? ह्या प्रश्नाला ती उत्तरं पुरत नाहीत. आजचा लेख त्याबद्दल.

थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. आईने पुढे लेकीला शिकवलं. हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत हिंडत असे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते. पुढे १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपलेलं. अंगमेहनतीचं काम करायची सवय नाही, आणि पुराण ऐकायला लोकांच्या पोटात अन्न नाही. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा.

ही दोघं भावंडं मग हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती रात्र काढत, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. इतकी तीर्थं, इतकी व्रतं, इतके जप झाले. देव काही भेटला नाही. एका पवित्र तळ्यात डोंगर तरंगतात आणि पुण्यवंत माणूस आला की काठाशी येतात, अशी ख्याती होती. भावाने पोहत जाऊन पाहिलं, तर ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेला माती-झाडांचा देखावा, आणि तो पाठीमागून ढकलणारा माणूस! कुणालाही हसू येईल. पण आईबाप गमावून ह्याच श्रद्धेवर उभ्या असलेल्या त्या दोन पोरांना काय वाटलं असेल, ह्याचा विचार केला की हसू मावळतं.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली, 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. वय वीस. तिथेच स्त्रियांपुढे व्याख्यानं देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचले. त्यांच्या लक्षात आलं की शास्त्रकारांची आपसांत पुष्कळ भांडणं आहेत, पण दोन बाबतींत सगळ्यांचं एकमत आहे. स्त्रीजात मुळातच वाईट, आणि पतीची देव म्हणून सेवा केल्यावाचून तिला गती नाही. शूद्राची गतही जवळपास तशीच. म्हणजे जी विद्या शिकल्याबद्दल सभेने मान दिला, त्याच विद्येत स्वतःला जागा नाही! १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आसामात सिल्चरच्या घरी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली आणि तिने मनात घर केलं. बायकोने उघड ख्रिस्ती व्हावं हे मात्र मेधावींना पसंत नव्हतं. १८८२ च्या आरंभी ते पटकीने वारले. पदरात मनोरमा होती, वर्षही पुरं झालेलं नव्हतं.

त्यानंतर पुणे, आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. वैद्यकी शिकायची होती, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागलं, आणि ते स्वप्न तिथेच राहिलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेजला दुर्दैवी अंत झाला. परक्या देशात, पुरती भाषा येत नसताना, केवढा हा आघात!

आता बाप्तिस्म्याची कारणं रमाबाईंच्याच तोंडून पाहू. वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाच्या बायकांनी त्यांना लंडनजवळच्या फुलमला नेलं. तिथे समाजाने टाकलेल्या, वाममार्गाला लागलेल्या बायकांसाठी घर चालवलं जाई. आपल्याकडे अशा बाईला शिक्षा आणि हकालपट्टी एवढंच माहीत. इथे ह्या कुलीन बायका त्यांची मायेने सेवा करताहेत. असं का, म्हणून रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, जातीने हलक्या मानलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, आणि देवाविषयीचं गूढ तिलाच सांगतो. शास्त्रात न सापडलेली गोष्ट रमाबाईंना तिथे सापडली. दुसरं कारण बुद्धीचं. काशीत वाढलेले, १८४८ साली ख्रिस्ती झालेले आपले नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लिखाणाने त्यांच्या शंका फिटल्या. चित्पावन शास्त्र्याने चित्पावन पंडितेला तिच्याच भाषेत तर्काने पटवलं.

म्हणजे १८८३ चा निर्णय मनापासूनचा होता, ह्यात मला शंका नाही. पण तो निर्णय होता. वाचून, तोलून, पटवून घेऊन केलेला. पंडितांच्या घरात वाढलेल्या माणसाने दुसरं काय करावं?

पुढची काही वर्षं भांडणाची आहेत. सिस्टर जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममातेशी झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे. जमलं तर जरूर वाचा. चर्चने सांगितलं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना मुळीच मान्य नव्हतं. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असा त्यांचा रोकडा सवाल. खाणं शाकाहारीच राहिलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, ह्यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तेही मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या हाती जायला ही बाई तयार नव्हती. आपल्याकडे त्यांच्यावर 'मिशनऱ्यांच्या हातचं बाहुलं' असा आरोप करणाऱ्यांनी ही पत्रं पाहायला हवी होती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, देशभर हिंडून भाषणं केली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसा पुरवण्याचं कबूल केलं. अट अशी, की शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. १८९० मध्ये ते पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात. पहिल्या विद्यार्थिनींतली एक गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि ती आनंदीबाई कर्वे, म्हणजेच बाया कर्वे, म्हणून नावारूपाला आली.

बाहेरून पाहिलं तर सगळं ठीक चाललं होतं. आणि नेमक्या ह्याच काळात रमाबाई आतून अस्वस्थ होत्या. हिशेब लागत होता, पण शांती नव्हती. त्या वेळी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये चर्चचे अधिकृत धर्मोपदेशक होते, सगळे विधी यथासांग करत. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर प्रवचन देता देता त्यांना स्वतःलाच जाणवलं, की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्याला मिळालेलं नाही. आणि तिथे, प्रवचनाच्या मधोमध, त्यांचं अंतःकरण पालटलं. श्रोत्यांतला एकजण ओरडला, की पाद्रीबुवांचाच पालट झाला!

रमाबाईंना ह्या गोष्टीत आरसा दिसला असणार. आपणही बाप्तिस्मा घेतला, प्रार्थना म्हटल्या, तत्त्वं पारखली. ह्यातलं बरंचसं आपण पूर्वी तीर्थयात्रेत करत होतो त्याच जातीचं तर नाही ना? तेव्हा पुण्याईने देव मिळवायचा होता, आता अभ्यासाने. दोन्हीकडे कमाई आपलीच. साक्षीत त्या जे लिहितात त्याचा मथितार्थ असा, की हे कमवायचं नसतंच. आपण पापी आहोत आणि असहाय आहोत, हे कबूल करून ओंजळ पुढे करायची; देणाऱ्याने केव्हाच दिलेलं आहे. आकाशातून प्रकाश आला, आवाज झाला, असं काही त्या सांगत नाहीत. एक जड ओझं उतरलं आणि आनंद आला, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं मनाच्या आतलं. इतिहासाने ह्याचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. असला अनुभव कागदपत्रांनी सिद्ध होत नाही, आणि खोटाही ठरत नाही. तुकोबांना माघ शुद्ध दशमीला स्वप्नात गुरूचा अनुग्रह झाला, ह्याला आपण कुठे पुरावा मागतो? आपण पाहतो ते पुढचं आयुष्य. तोच नियम इथेही लावावा. झाडाची जात मुळं उकरून पाहिली नाही तरी फळांवरून कळते.

पहिलं फळ कडू होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह सकाळी प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांनी मंडळाचे राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथे बाजू घेणं सोपं नाही. पालकांचा मुद्दा खरा होता. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील ह्या भरवशावर त्यांनी मुली धाडल्या होत्या. आणि त्या काळी विधवा मुलीला घराबाहेर धाडणं म्हणजे अर्ध्या गावाशी वैर. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणावर सक्ती करत नाही, हिंदू मुलींना त्यांच्या पूजेची मोकळीक आहे. मग माझ्याच घरात मी देवाला चोरून का भेटावं? शिक्षिकेच्या पेशात आयुष्य गेल्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात. वर्गात आपला शब्द मुलांच्या मनावर किती वजनाने पडतो, हे शिक्षकाला माहीत असतं. एकट्या पडलेल्या बालविधवेला जिने आसरा दिला, तिच्या उघड्या दाराची ओढ ही सक्ती नसली तरी ताकद आहेच. पण दार लावून घ्या म्हणणं म्हणजे जिच्या जिवावर ही बाई उभी होती ती गोष्टच लपवा म्हणणं. माझ्या मते रमाबाई खोट्या वागल्या नाहीत, आणि पालकही विनाकारण चिडले नाहीत. गोदूबाई त्या सदनात शिकूनही हिंदूच राहिल्या, आणि कर्व्यांच्या कामात उभ्या राहिल्या, हीदेखील नोंद ह्या हिशेबात हवी.

१८८३ ची रमाबाई कदाचित अट सांभाळून, सल्लागारांना राखून राहिली असती. १८९१ नंतरच्या बाईला माणसं गमावण्याचं भय उरलं नव्हतं. हा पहिला फरक.

दुसरा फरक दुष्काळात दिसला. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. जिचे आईवडील भुकेने गेले, जी स्वतः रानोमाळ उपाशी हिंडली, तिला त्या पोरींच्या डोळ्यांत काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. जात विचारली नाही. त्यांना ठेवायला पुण्यात जागा नव्हती. प्लेगच्या दिवसांत सरकारी निर्बंधही आडवे आले. मग दौंडच्या रस्त्यावर केडगावला घेतलेल्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवत. आणि फुलमला जे पाहिलं होतं ते विसरल्या नव्हत्या : फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी तिथे 'कृपासदन' होतं. विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईला केडगावात हक्काचं घर मिळालं, म्हणा ना.

तिसरं फळ मला मराठीची शिक्षिका म्हणून फार मोलाचं वाटतं. आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तेव्हाची मराठी बायबलं संस्कृत शब्दांनी जड झालेली होती. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या ह्या पंडितेने ते जडपण जाणूनबुजून उतरवलं, आणि खेड्यातून आलेल्या, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळेल अशी साधी मराठी लिहिली. खिळे जुळवायला, छपाईला मुक्तीतल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली, म्हातारपणची काठीच गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं.

आपल्याकडे रमाबाईंच्या आठवणीवर बराच काळ पडदा पडला होता. १९८९ मध्ये टपाल तिकीट निघालं, अभ्यासकांनी त्यांची पुस्तकं पुन्हा छापली, हे चांगलंच झालं. पण आता दुसरी अडचण दिसते. समाजसुधारक म्हणून त्यांचा गौरव करताना आपण त्यांची श्रद्धा हळूच बाजूला ठेवतो, जणू ती त्यांच्या कामाला चुकून चिकटलेली गोष्ट आहे. स्वतः रमाबाईंना हे मुळीच चाललं नसतं. तीनशे पोरींना घेऊन माळावर जाऊन बसण्याचं बळ कुठून आलं, हे त्यांनी सही करून लिहून ठेवलं आहे. आपण त्यांच्या देवावर विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही; मी आजही माझ्या विठोबापुढेच हात जोडते. पण साक्षीदाराची अर्धी जबानी घ्यायची आणि अर्धी फाडून टाकायची, हा इतिहास लिहायचा रास्त मार्ग नव्हे.

आणखी एक सांगून थांबते. लहानपणापासून ज्याचा शोध घेत ही बाई पायपीट करत होती, तो बाप्तिस्म्याच्या दिवशी भेटला असं म्हणून मोकळं होणं तिला सहज शक्य होतं. सगळं जग तसंच समजत होतं, विरोधकही आणि हितचिंतकही. तिने मात्र चोवीस वर्षांनंतर लिहून ठेवलं, की तेव्हा नाही, पुढे आठ वर्षांनी. इतकी सोसून मिळवलेली ओळखही अपुरी होती असं चारचौघांत सांगायला मोठं धैर्य लागतं. माझी खात्री आहे, ह्या बाईच्या बाकी सगळ्या शब्दांवर विश्वास ठेवायला हा एक खुलासा पुरेसा आहे.